विक्रमी उंचीची इमारत उभी राहत असताना लोकांनी घेतलेल्या हरकतींचा कधी उपयोग झाला आहे का?

मासुंदाकाठ (ठाणे) यांचा प्रश्न

सौदी अरेबियातील जेद्दा येथे एक किलोमीटरहून अधिक उंचीची इमारत बांधली जात आहे, हे बहुतेकांना ठाऊक असेल. २०१३ मध्ये सुरू झालेले तिचे काम २०१८ च्या प्रारंभी थांबले, तो अपुरा सांगाडा सात वर्षे तसाच उभा राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. ती पूर्ण झाली, तर दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाचा २०१० पासूनचा विक्रम मोडीत निघेल.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर हा विषय निघाला आणि दीड तास चालला. एकाने तिला मानवी बुद्धीचा चमत्कार म्हटले, दुसऱ्याने पैशाचा माज म्हटले, तिसऱ्याने भूकंप झाला तर काय होईल अशी शंका काढली आणि सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांनी सोसायटीची टाकी सुरू-बंद करण्यात आयुष्याची वीस वर्षे घालवली आहेत, पाणी एवढ्या वर कसे चढवणार एवढेच विचारले. त्यानंतर चर्चा जेद्दाहून थेट घोडबंदर रस्त्यावर आली. मी चाळीस वर्षे ठाण्यात राहतो. पूर्वी माझ्या गॅलरीतून येऊरचा डोंगर पूर्ण दिसत असे. आता दोन टॉवरांच्या फटीतून त्याची जेमतेम चिंधी दिसते. मी याबद्दल कधी हरकत घेतली नाही, कारण ती कोठे आणि कोणाकडे घ्यायची हे मला कधी कळलेच नाही.

माझा प्रश्न मर्यादित आहे. उंचीचे विक्रम मोडणाऱ्या इमारती उभ्या राहत असताना लोकांनी जे बोलले, लिहिले, भांडले, त्यामुळे एखादी इमारत थांबली, तिची उंची घटली किंवा निदान नियम बदलला, असे कोठे घडले आहे का? विकास हवा की नको, या वादात कृपया जाऊ नये. तो कट्ट्यावर दर रविवारी होतो.

जुनी पाने (वाशी)

आपल्या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इमारतीचे नसून मनोऱ्याचे आहे. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या पायाचे काम नुकतेच सुरू झाले असताना, १४ फेब्रुवारी १८८७ रोजी 'ल तां' या दैनिकात कलावंतांचे एक जाहीर निषेधपत्र प्रसिद्ध झाले. त्यावर ऑपेराचे वास्तुरचनाकार शार्ल गार्निए, संगीतकार गुनो आणि कथाकार मोपासाँ यांच्यासारख्यांच्या सह्या होत्या. हा मनोरा निरुपयोगी आणि विक्राळ आहे, तो पॅरिसच्या सौंदर्याचा अपमान करील, असा त्यांचा आक्षेप होता. आयफेल यांनी त्याच दैनिकातून उत्तर देताना सांगितले की चार पायांचा तो बाक वाऱ्याच्या गणितातून आलेला आहे आणि त्या गणितालाही स्वतःचे सौंदर्य असते. एवढ्या मोठ्या माणसांच्या सह्यांनी त्या मनोऱ्याचा एक खिळासुद्धा हलला नाही. गंमत अशी की त्याला परवानगी मुळात वीसच वर्षांची होती, त्यामुळे तो पाडला जाण्याची खरी शक्यता १९०९ मध्ये होती. त्या वेळी बिनतारी संदेशयंत्रणेसाठी तो उपयोगी पडू लागल्यामुळे वाचला.

एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या वाट्याला निषेधापेक्षा चेष्टा अधिक आली. ३८१ मीटर उंचीची ती इमारत सुमारे ४१० दिवसांत उभी राहिली आणि १ मे १९३१ रोजी तिचे उद्घाटन झाले, परंतु मंदीमुळे बहुतेक मजले रिकामे राहिले आणि न्यूयॉर्ककर तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणू लागले. ती चेष्टा त्या वेळी शंभर टक्के खरी होती. इमारतीवर मात्र तिचा परिणाम काहीच झाला नाही, कारण रिकामी इमारतही तेवढीच उंच असते.

माझ्या मते अधिक विचार करण्याजोगे उदाहरण वर्ल्ड ट्रेड सेंटरचे आहे. त्याच्या जागेवर 'रेडिओ रो' नावाची रेडिओ आणि विजेच्या सुट्या भागांची बाजारपेठ होती. आपल्या लॅमिंग्टन रोडसारखी समजा. तेथील दुकानदार न्यायालयात गेले, हरले, आणि १९६६ मध्ये पाडकाम सुरू झाले. त्याच वेळी आणखी एक विरोधक मैदानात होते: खुद्द एम्पायर स्टेट बिल्डिंगचे मालक. त्यांनी विरोध करणारी समिती काढली आणि १९६८ मध्ये नव्या मनोऱ्यांकडे विमान झेपावत असल्याचे चित्र असलेली जाहिरात छापली. विक्रम जाणार असलेल्या माणसाला सार्वजनिक हिताची आठवण कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. त्या जाहिरातीकडे आज पाहताना अंगावर काटा येतो, हे वेगळे. पण तेव्हा तीही निष्फळच ठरली.

आपण विचारलेले 'नियम बदलला' हे मात्र एके ठिकाणी घडले. १९७३ मध्ये पॅरिसमध्ये २१० मीटरचा मोंपार्नास मनोरा पूर्ण झाला. जगाचा नव्हे, पण फ्रान्समधील गगनचुंबी इमारतींचा विक्रम तेव्हा त्याच्या नावावर होता. लोकांना तो इतका नकोसा वाटला की १९७७ मध्ये पॅरिसमध्ये नव्या इमारतींची उंची ३७ मीटरपर्यंत मर्यादित करण्यात आली. पुढे ही मर्यादा शहराच्या कडेच्या काही भागांत शिथिल केली गेली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा लागू झाली. मोंपार्नास मात्र तसाच उभा राहिला. म्हणजे ज्या इमारतीविरुद्ध लोक बोलले ती राहिली आणि जिच्याविरुद्ध कोणी बोलले नव्हते अशा पुढच्या इमारती थांबल्या.

तेहतिसावा मजला (कासारवडवली)

मी त्या चिंधीच्या आड येणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून थोडे लिहिते. आमची इमारत कोणताही विक्रम मोडत नाही, पण सहा वर्षांपूर्वी ती आमच्या पट्ट्यातील सर्वांत उंच असल्याची जाहिरात झाली होती आणि तिचा आम्हाला अभिमान वाटला होता. आम्ही दर महिन्याला बांधकाम पाहायला जात असू आणि आजचा कितवा स्लॅब पडला, हे नातेवाइकांच्या समूहावर कळवत असू. माझ्या नागपूरच्या मावशीने 'एकविसावा स्लॅब पडला' हे वाचून घाबरून दूरध्वनी केला होता; तिला तो कोसळला असे वाटले. भरला जाणे आणि कोसळणे या दोन्हींसाठी आपण एकच क्रियापद कसे वापरतो, याचे मला तेव्हापासून नवल वाटते.

सांगायचे एवढेच की खालून पाहणाऱ्याची प्रतिक्रिया आणि वर राहायला जाणाऱ्याची प्रतिक्रिया दोन्ही बांधकामाच्या काळात उंचीबद्दलच असतात. राहायला गेल्यावर उंची कोणी मोजत नाही. तीनपैकी दोन उद्वाहने बंद असताना सकाळी सात वाजता शाळेच्या मुलांची रांग कोणत्या मजल्यापर्यंत पोचते, आणि आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळा ठेवायचा आश्रय मजला खरोखर मोकळा आहे की तेथे कोणाचे जुने सोफे आहेत, हे प्रश्न उरतात. घर घेताना यांतील एकही प्रश्न मी विचारला नव्हता. कोणत्या खोलीतून खाडी दिसेल, हे मात्र तीनदा विचारले होते.

परतलेला (ऐरोली)

मी २००५ ते २००९ या काळात दुबईत विद्युतकामाचा पर्यवेक्षक होतो. बुर्जवर नव्हे, जवळच्या दुसऱ्या बांधकामावर. परंतु तो रोज डोळ्यांसमोर वाढत होता. वर ज्या प्रतिक्रियांची चर्चा झाली, त्या लेखकांच्या, मालकांच्या आणि रहिवाशांच्या आहेत. जो माणूस ती इमारत हातांनी बांधतो, त्याची प्रतिक्रिया 'लोकांच्या प्रतिक्रिया' या सदरात का मोजली जात नाही, हा माझा प्रश्न आहे.

मार्च २००६ मध्ये बुर्जच्या बांधकामावरील सुमारे अडीच हजार कामगार भडकले. निमित्त बसगाड्यांच्या उशिराचे होते, मूळ कारण वेतन आणि वागणूक. गाड्या फुटल्या, कार्यालयांची मोडतोड झाली, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या नव्या बांधकामावरील कामगारांनीही काम थांबवले. तेथे संघटना करण्यास आणि संप करण्यास परवानगी नाही, त्यामुळे हरकत घेण्याचा दुसरा मार्गही नव्हता. काही दिवसांत काम पूर्ववत झाले. मनोऱ्याची उंची एक मीटरनेही कमी झाली नाही. ती कमी व्हावी, अशी मागणीही कोणी केली नव्हती.

आमच्यापैकी अनेक जण ज्या वसाहतीत राहत, तिला कामगार सोनापूर म्हणत. हिंदी भाषकांना त्यात सोन्याचे गाव दिसत असे. माझ्यासारख्या गिरगावात वाढलेल्या माणसाला ते नाव पहिल्यांदा ऐकल्यावर काय आठवले असेल, हे येथील जुन्या मुंबईकरांना सांगायला नको; मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान. उन्हाळ्यात बुर्जचे काँक्रीट रात्री ओतत आणि त्यात बर्फ घालत, म्हणजे ते तडकू नये. ते योग्यच होते, तांत्रिकदृष्ट्या आवश्यकही होते. उघड्यावर काम करणाऱ्या माणसांना उन्हाळ्यात दुपारची सक्तीची सुटी देण्याचा नियम २००५ मध्ये आला, तोही सुरुवातीला अनेक ठिकाणी कागदावर राहिला.

आणखी एक गोष्ट. आम्ही सर्वांनी पाच वर्षे ज्याला बुर्ज दुबई म्हटले, त्याचे नाव ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटनाच्या समारंभात बदलले आणि अबुधाबीचे शासक खलिफा यांच्या नावावरून ठेवले. आदल्या महिन्यांत कर्जात सापडलेल्या दुबईला अबुधाबीने मदत केली होती. ज्याने पैसे दिले, त्याची प्रतिक्रिया अशी थेट इमारतीच्या कपाळावर उमटली.

शून्य आघूर्ण (खारघर)

मी संरचना अभियंता आहे. प्रथम कट्ट्यावरील ज्येष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो त्या दिवशीचा सर्वांत शहाणा प्रश्न होता. पाणी एका दमात वर चढवत नाहीत. ठरावीक मजल्यांवर मधल्या टाक्या असतात, एका टाकीतून पुढच्या टाकीत पंपाने पाणी जाते आणि प्रत्येक टप्प्यात दाब आटोक्यात ठेवला जातो. थेट खालून वरपर्यंत एकच नळ नेला, तर तळाच्या मजल्यांवरील तोट्या उडून जातील.

आता कोसळण्याच्या भीतीबद्दल. उंच इमारत पाहून सामान्य माणसाला ती कलंडेल, असे वाटते. अभियंत्याला भीती वाटते ती वाऱ्याच्या लयीची. इमारतीच्या दोन्ही बाजूंनी वाऱ्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि त्यांची लय इमारतीच्या नैसर्गिक दोलनाशी जुळली, तर हेलकावे वाढत जातात. बुर्ज खलिफाचा आकार वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, तो केवळ दिसण्यासाठी नव्हे; प्रत्येक टप्प्यावर रुंदी बदलल्यामुळे भोवऱ्यांना एक लय सापडतच नाही. खाली दीड मीटर व्यासाचे १९२ पाइल, म्हणजे जमिनीत घातलेले काँक्रीटचे खांब, सुमारे ५० मीटर खोल गेलेले आहेत. आपल्याकडे मुंबई परिसरासाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि ५० ते २५० मीटर उंचीच्या काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७०० हे स्वतंत्र मानक २०१७ मध्ये आले. त्यामुळे नीट आराखडा केलेली आणि नीट बांधलेली उंच इमारत बुटक्या बेकायदा इमारतीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. ठाणेकरांना ४ एप्रिल २०१३ ची शिळफाट्याची इमारत आठवत असेल. ती विक्रमी नव्हती, जेमतेम सात मजली होती, आणि तिने ७४ जणांचे प्राण घेतले. तिच्या बांधकामाच्या वेळी कट्ट्यावर कोणी चर्चा केली नव्हती.

उंच इमारतीत खरा धोका बांधकामाच्या काळात असतो आणि तो वर काम करणाऱ्यांना असतो. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातील बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीत बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार मरण पावले. ऐरोलीकरांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे केवळ दुबईचा राहत नाही.

आपल्या मूळ प्रश्नातील 'उंची घटली' याचे आपल्या जवळचे उदाहरणही आहे. लोअर परळमधील वर्ल्ड वन ही इमारत २०१० मध्ये जाहीर झाली, तेव्हा ती जगातील सर्वांत उंच निवासी इमारत होणार असे सांगितले गेले आणि तिची नियोजित उंची ४४२ मीटर होती. विमानतळ प्राधिकरणाची त्या उंचीला परवानगी न मिळाल्यामुळे ती २८० मीटरवर आली. म्हणजे हरकत चालली, पण ती नागरिकांची नव्हती. नवी मुंबईत आता विमानतळ सुरू झालेला असल्यामुळे येथील आकाशालाही अशीच अदृश्य कमान आहे.

जाता जाता एक चिमटा. २०१३ मध्ये उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोजणी केली, तेव्हा बुर्ज खलिफाचे वरचे २४४ मीटर वापरात नसलेले, केवळ शिखराचे आढळले. अशा भागाला ते मिरवण्याची उंची म्हणतात. एवढी मिरवण्याची उंची स्वतंत्र उभी केली, तरी घोडबंदर रस्त्यावर तिच्याकडे मान वर करून पाहावे लागेल.

गावठाण (कोलशेत)

आमच्या आजोबांची भातखाचरे जेथे होती, तेथे आता तीन टॉवर आहेत. जमीन आम्हीच विकली, त्यामुळे मी तक्रार करीत नाही. परंतु हिवाळ्यात आमच्या अंगणात दुपारी तीननंतर ऊन येत नाही, आणि पापड, मिरच्या, सुकी मासळी सर्व काही दुपारच्या आत उरकावे लागते. वाऱ्याचे गणित होते, तसे सावलीचे गणित कोणी करते का, हे अभियंता महोदयांनी सांगावे.

शून्य आघूर्ण (खारघर)

सावली किती वाजता कोठे पडेल, हे संगणकावर काही मिनिटांत काढता येते. आम्ही ते काढतोही. परंतु ते इमारतीच्या आतल्या उजेडासाठी आणि वातानुकूलनाच्या हिशेबासाठी असते. शेजाऱ्याच्या अंगणासाठी ते काढून द्या, असे मला नोकरीच्या बावीस वर्षांत कोणी सांगितलेले नाही.

नकाशा नंबर सात (बेलापूर)

मी नगररचनेच्या कामातून निवृत्त झालो आहे. हरकत कोठे घ्यायची, असे मासुंदाकाठ यांनी लिहिले आहे, त्याबद्दल.

आपल्या कायद्यात 'हरकती व सूचना' हा शब्दप्रयोग आहे आणि तो नुसता शोभेचा नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते, तेव्हा कोणताही नागरिक ठरावीक मुदतीत लेखी हरकत देऊ शकतो आणि नियोजन समितीपुढे त्याला म्हणणे मांडता येते. पुढे योजनेत फेरबदल करायचा झाल्यास त्याचीही सूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. कोणत्या भूखंडावर काय बांधता येईल, शेजारचा रस्ता किती रुंद होणार, हे तेथे ठरते. आणि आपल्याकडे उंची रस्त्याच्या रुंदीला बांधलेली आहे, कारण डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत किती चटईक्षेत्र (भूखंडावर करता येणारे एकूण बांधकाम) आणि किती टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) वापरता येईल, हे मोठ्या प्रमाणात रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. रस्ता रुंद होणार म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हाच त्याच्या कडेच्या इमारतींचे मजले वाढलेले असतात.

अडचण पुढे आहे. पत्रे लागले, क्रेन उभी राहिली आणि आपण गॅलरीतून पाहिले, तोपर्यंत हरकतीची मुदत कित्येकदा काही वर्षांपूर्वी संपलेली असते. मोठ्या इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते, हे खरे आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार ती घ्यावी लागते. परंतु त्याच अधिसूचनेने इमारत आणि नगर वसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. धरण किंवा खाण असेल, तर गावकऱ्यांना मंडपात बसवून विचारतात. पन्नास मजल्यांच्या टॉवरसाठी शेजाऱ्यांना विचारण्याची तरतूद नाही. त्यामुळे ठाण्यातल्या माणसाची प्रतिक्रिया कट्ट्यावर होते, यात त्याचा दोष थोडाच आहे.

माझ्या सेवाकाळात प्रारूप योजनेवर हरकती आल्या, त्यांत बहुतेक स्वतःच्या घरावर रस्त्याची रेषा गेल्याच्या किंवा जमिनीवर आरक्षण पडल्याच्या होत्या. उंचीमुळे पाणी, सांडपाणी, अग्निशमन यांवर येणाऱ्या ताणाची हरकत मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. त्यांतील एक एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांची होती. त्यांनी शाळेच्या रस्त्याला नव्या वसाहतीच्या किती गाड्या लागतील, याचा हिशेब जोडला होता, आणि त्या वसाहतीचे प्रवेशद्वार खरोखरच दुसऱ्या रस्त्यावर हलवले गेले. मजला एकही कमी झाला नाही. पण आपण विचारले आहे, म्हणून सांगतो, एक प्रवेशद्वार हलले.

आता काम सुरू झालेल्या इमारतीबद्दल काय करता येईल? महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद उघडावी. मंजूर आराखडे, मजल्यांची संख्या, काम पूर्ण होण्याची तारीख आणि प्रलंबित दावे तेथे पाहायला मिळतात. जाहिरातीतील मजले आणि मंजूर मजले यांत फरक दिसला, तर ती लेखी तक्रारीची योग्य जागा आहे.

मासुंदाकाठ (ठाणे)

सर्वांचे आभार. काल रात्री मुलीच्या मदतीने आमच्या मागच्या भूखंडाची नोंद उघडली. पत्रे लागून चार महिने झाले आहेत. कट्ट्यावर कोणी पन्नास मजले म्हणत होते, कोणी साठ; मंजूर आराखड्यात सध्या अडतीस आहेत आणि त्याखाली वाहनतळाचे पाच थर. प्रवेशद्वार आमच्या बाजूच्या नऊ मीटरच्या गल्लीत दाखवलेले आहे. ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती, कारण आम्ही सर्व जण वरच पाहत होतो.

या गल्लीबद्दल लेखी पत्र तयार करीत आहे. नकाशा नंबर सात यांनी त्या मुख्याध्यापिकाबाईंनी गाड्यांचा हिशेब कसा मांडला होता, हे आठवत असल्यास कृपया सविस्तर लिहावे; सकाळी आठ ते दहा या वेळेची मोजणी पुरेशी धरतात की संध्याकाळचीही द्यावी लागते? आणि शून्य आघूर्ण यांच्यासाठी एक निरोप आहे. मधल्या टाक्यांचे उत्तर ज्येष्ठांना वाचून दाखवले. त्यांचे समाधान झालेले नाही. वीज बारा तास गेली, तर मधली टाकी किती वेळ पुरते, असे ते विचारत आहेत.